कापडाला पाणी पाजणाऱ्या आपा

नसीमआपांच्या हाताखालून जेवढ्या मुली शिकून गेल्या त्यांत सगळ्यांत वाईट टाका माझा होता. हे मी अभिमानानं नाही, पण खात्रीनं सांगू शकते, कारण आपांनीच ते भर वर्गात जाहीर केलं होतं. मी मशीनवर भरलेला गुलाब त्यांनी हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, कापड उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "बेटा, कोबी लई चांगला आलाय. आता गुलाब कर."

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका बांगड्यांच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. लाकडी जिना, वर एक लांबट खोली, खोलीत ओळीनं पायमशीनी. साधं शिवण तर त्या शिकवायच्याच, पण त्यांचं नाव होतं ते मशीनवरच्या भरतकामासाठी. यात मशीनचा कापड दाबणारा पाय काढून टाकायचा, कापड गोल लाकडी रिंगमध्ये ताणायचं आणि खालून पाय मारत दोन्ही हातांनी रिंग फिरवायची. सुई जागच्या जागी वरखाली होते, नक्षी सगळी तुमच्या हातातून उतरते. हात घाबरला की पाकळी घाबरते. आपांच्या हातून उतरलेली पाकळी मात्र अशी सपाट आणि चकचकीत असायची की बोट फिरवल्यावर टाका कुठे सुरू झाला ते कळू नये.

आपा अंगानं काटकुळ्या, आवाजानं दांडग्या. सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि त्या पदरात कायम चारदोन सुया खोचलेल्या. ईदेला त्यांना गळाभेट द्यायची म्हणजे आधी सुया काढायला लावायच्या, हे आम्हा सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं. त्या भावाच्या घरी राहायच्या. लग्न झालं होतं, फार टिकलं नाही आणि त्या परत आल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एकदा एका आगाऊ मुलीनं त्याबद्दल विचारलंच. आपा रिळाचा दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "ते कापड न भिजवता शिवलं होतं."

हे भिजवण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. आपांचा पहिला नियम म्हणजे कोऱ्या कापडाला सुई लावायची नाही. आधी ते रात्रभर पाण्यात ठेवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची, मग रिंगला लावायचं. कोरं कापड धुतल्यावर आटतं, भरलेला दोरा आटत नाही, आणि मग फुलाभोवती चुण्या पडतात. आपा म्हणायच्या, "फूल एका धुण्यात म्हातारं होतं." आता हा नियम पुण्यात ठीक आहे. लातुरात नळ कधी येईल ते नळालाच माहीत नसतं. भर उन्हाळ्यात आपा घरातली कळशी उचलून कुणाच्या तरी ब्लाउजपीसवर उपडी करायच्या आणि भावजय आरडाओरडा करायची, "इथं माणसं तहानेनं मरून राहिली आन् तुमी कापडाला पाणी पाजता व्हय?"

"माणूस तहान लागली की बोलतो," आपा शांतपणे सांगायच्या. "कापड बोलत न्हाई. नंतर बदला घेतं."

दुसरा नियम कागदाचा. भरताना कापड गोळा होऊ नये म्हणून त्याखाली पातळ कागद घ्यायचा, कागदासकट भरायचं आणि शेवटी कागद अलगद फाडून काढायचा. पूर्वी त्या वर्तमानपत्र वापरायच्या, पण त्याची शाई पांढऱ्या वॉइलच्या तलम कापडाला लागायची. मग लातुरात कोचिंग क्लासचं पीक आलं आणि आपांचा कागदाचा प्रश्न कायमचा सुटला. गल्लीगल्लीत क्लास, प्रत्येक क्लासात दर आठवड्याला परीक्षा, आणि त्या प्रश्नपत्रिकांची रद्दी ढिगानं. आपा छापील बाजू खाली घालून ती वापरायच्या. फाडून काढताना कुठे बारीक तुकडा दोऱ्याखाली राहून जायचा. एका नवरीच्या शालूच्या मागच्या बाजूला मोराच्या पिसाऱ्यात "खालीलपैकी कोणता वायू" एवढी अक्षरं अडकलेली मी स्वतः वाचलेली आहेत. शालू तसाच लग्नाला गेला, कोणाला वायू लागला नाही.

तिसरा नियम असा की कुठलीही गोष्ट आधी चिंधीवर करून बघायची. त्याच कापडाची चिंधी, तोच दोरा, तीच सुई. हा नियम आपांनी शिवणापुरता ठेवला नाही. चहा आधी बशीत घोटभर. दुखण्याला आधी कंपाउंडर, तो बरा वाटला तर डॉक्टर. भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बघायला घरी आला, तर आपांनी त्याच्या हातात एक जांभळट चिंधी दिली आणि म्हणाल्या, "बाबा, याच्या रंगाचं रीळ आण बरं बाजारातून." मुलाच्या आईनं तोंड वाकडं केलं. मुलगा गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात तीन रिळं. म्हणाला, "दुकानात हे जुळत होतं, बाहेर उन्हात हे, आन् तुमच्या घरातल्या उजेडात कोणतं जुळंल ते कळंना, म्हणून तिन्ही आणली." आपांनी आत जाऊन भावाला सांगितलं, "हौ म्हणून टाका." तो संसार आजही उत्तम चाललाय.

भूकंपाच्या साली मी क्लासला नुकतीच जाऊ लागले होते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हादरली. किल्लारीकडची गावंच्या गावं मातीत गेली. लातुरात पडझड कमी झाली, पण घरात झोपायची कोणाची छाती होईना. सगळं शहर अंगणात, रस्त्यावर, मैदानात. आपांनी मशीनी जिन्यावरून खाली उतरवल्या आणि गल्लीत तंबूचं कापड ताणून क्लास सुरू केला. खालची फरशी उंचसखल, मशीनी डुगडुगायच्या, त्यात जमीन अधूनमधून अजून कुरकुरायची. माझी वेल वाकडीतिकडी गेली की मी भूकंपाकडे बोट दाखवायची. आपा शेजारची सरळ वेल दाखवून म्हणायच्या, "हिच्याकडं भूकंप झाला न्हाई का गं?"

त्याच तंबूत एके दिवशी सुलोचना आली. किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची. तिचे आईवडील ढिगाऱ्याखाली गेले होते. तिला घेऊन आलेला तिचा मामा डाळमिलमध्ये हमाल होता. अंगावर डाळीची पिवळी धूळ तशीच. माणूस सरळ होता. त्यानं आपांना आडपडदा न ठेवता सांगितलं, "आपा, औश्याकडचं एक स्थळ हाय. बिजवर हाय, दोन लेकरं हायत, पर जमीन हाय. मी आज हाय उद्या न्हाई, पोरीचं बघायला पायजे. पर ती म्हणती तिला शिवण शिकायचंय."

आपांनी चौकशी केली. नव्या वसाहतीत बायकांसाठी शिवणकेंद्र निघणार होतं, तिथे शिकवायला सरकारी परीक्षा पास झालेली बाई हवी होती. आपा मामाला म्हणाल्या, "पोरगी परीक्षा पास झाली तर तिथं लागंल. तवर थांबा." मामानं सुलोचनेकडे बघितलं आणि परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं.

सुलोचना बोलायची नाही. सांगितलेलं मात्र अक्षरशः करायची. थंडीच्या दिवसांत क्लास पुन्हा वर खोलीत गेला तेव्हा ती आत येईना, उंबऱ्यावर बसून राहिली. डोक्यावर छत नको होतं तिला. आपांनी तिला एका शब्दानं आग्रह केला नाही. तिची मशीन उंबऱ्यापाशीच लावली. मग दर चार दिवसांनी म्हणायच्या, "इथं उजेड बरोबर न्हाई पडून राहिला," आणि मशीन वीतभर आत सरकवायच्या. संक्रांत झाली, शिवरात्र झाली, आणि एक दिवस आमच्या लक्षात आलं की सुलोचना पार मागच्या भिंतीपाशी बसलेली आहे, जिथे उजेड मुळीच पडत नाही. तिच्याही लक्षात आलं असणार. तिनं वर छताकडे बघितलं, मग आपांकडे बघितलं आणि पुन्हा मशीनला पाय लावला. मला त्या वेळी आपांचा पहिल्यांदा इतका लोभ वाटला की सुया असूनही मिठी मारावी.

आणि काय हात होता त्या मुलीचा. दोरा वरून सैल सोडायचा म्हणजे गाठ मागच्या बाजूला जाते, पायाचा वेग एकसारखा ठेवायचा, टाक्याला टाका चिकटवायचा पण चढवायचा नाही, हे सगळं आपा आम्हाला रोज घसा कोरडा होईतो सांगायच्या. तिला एकदा सांगावं लागायचं. आपा तिचं काम उलटं करून बघायच्या आणि काही न बोलता परत द्यायच्या. ही त्यांची सर्वोच्च पदवी होती. मला ती कधी मिळाली नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. एका शाळेत केंद्र होतं. बाहेरगावच्या एक परीक्षक बाई आल्या होत्या, त्यांनी प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा चौकोन आणि नक्षी दिली. ठरलेल्या वेळात नक्षी पुरी करायची. आम्ही सगळ्यांनी झटपट रिंगा कसल्या. सुलोचना उठली, कापड बोटांनी चोळून बघितलं, वास घेतला. कोरं होतं. ती कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी गेली, डब्याच्या झाकणात पाणी घेतलं आणि परीक्षेचं कापड त्यात बुडवलं.

परीक्षक बाईंना वाटलं हिला काही होतंय. त्या म्हणाल्या, "अगं, काय करतेस?" सुलोचना म्हणाली, "पाणी पाजून राहिले." मग तिनं ते पिळलं, खिडकीच्या गजाला वाळत घातलं आणि हात जोडून खाली बसली. बाहेर आभाळ भरलेलं होतं. कापड काही वाळेना. आम्ही मान वर न करता भरत होतो आणि प्रत्येकीची एक नजर त्या खिडकीकडे होती. कापड दमट असतानाच तिनं अखेर रिंगला लावलं. घंटा झाली तेव्हा तिची दीड फुलं झाली होती. अशी दीड फुलं मी पुन्हा बघितली नाहीत.

फाटकाबाहेर आपा उभ्या होत्या. सुलोचना दिसताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कापड भिजवलंस ना गं?"

"हौ, आपा."

"शाब्बास," आपा म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं.

नियम असा की नक्षी अपुरी तर नापास. निकाल लागला. सुलोचना नापास आणि मी पास. माझ्या फुलाभोवती इतक्या चुण्या होत्या की ते गुलाबाचं की कोबीचं हा वाद तेव्हाही मिटला नसता, पण नक्षी पुरी होती. मला आनंद करता येईना आणि रडताही येईना. सुलोचना मला म्हणाली, "तुझं चांगलं झालं," आणि ती ते मनापासून म्हणाली याचंच मला जास्त लागलं.

आपांनी त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि थेट डाळमिल गाठली. मी त्यांच्यासोबत होते. मिलमध्ये धूळ एवढी की समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखावा. मामा पोत्यांच्या थप्पीवरून खाली उतरला. त्यानं बोलणं वाढवलं नाही. "आपा, तुमी म्हणला तसं थांबलो. आता औश्याचे लोक येणार हायत बघायला."

"मामा, परीक्षा पुन्हा हाय. चार महिन्यांनी."

"पर त्या दिवशी पुन्हा कापडाला पाणीच पाजलं पोरीनं, तर?"

  आपा डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मला पण घाईनंच दिलं होतं, मामा. माझ्या बापानं पण असंच म्हणलं होतं, मी आज हाय उद्या न्हाई. तो पुढं लई वरसं होता." मामा धुळीनं भरलेल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चार महिने. त्यावर एक दिस न्हाई."

  दुसऱ्या दिवशी आपांनी सुलोचनेपुढे कोऱ्या, न भिजवलेल्या कापडाचा तुकडा टाकला आणि स्वतः स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. "कर सुरू. मी बघत न्हाई. मला बघवणार न्हाई."

आणि मग भिंतीला तोंड लावून आपांनी तिला ते सगळं शिकवलं जे त्यांनी जन्मभर कोणाला शिकवलं नव्हतं. रिंग डफासारखी कसू नको, जरा सैल ठेव, कोऱ्या कापडाला ताण सोसत नाही. खाली एक कागद पुरणार नाही, दोन घे. दोरा अजून ढिला कर. मोठी पाकळी एकदम भरू नको, तुकड्यातुकड्यानं भर, मधे कापडाला श्वास घेऊ दे. दर थोड्या वेळानं त्या विचारायच्या, "चुणी पडली का?" सुलोचना म्हणायची, "थोडी." त्या भिंतीशी कण्हायच्या.

शेवटची युक्ती तर त्यांनी फारच खालच्या आवाजात सांगितली, जणू चोरी शिकवत आहेत. परीक्षेत मधे चहा देतात. तो प्यायचा नाही. बोट ओलं करून कापडाला लावायचं आणि गरम पेल्याचं बूड त्यावरून फिरवायचं, म्हणजे इस्त्री नसतानाही चुणी बसते. या सरावापायी त्या महिन्यांत क्लासात इतका चहा आला आणि थंड होऊन इतका माझ्या पोटात गेला की माझी झोप उडाली. भावजयीनं साखरेच्या डब्याला कुलूप घातलं.

मधे एक अडचण आली. सुलोचनेलाच ते पटेना. एका दुपारी तिनं रिंग खाली ठेवली आणि म्हणाली, "आपा, हे खोटं काम हाय. एका धुण्यात फूल म्हातारं होईल."

आपा भिंतीकडून वळल्या. मला वाटलं आता तिला जवळ घेणार. त्या म्हणाल्या, "होऊ दे म्हातारं. परीक्षक बाई काय ते घरी नेऊन धुणार हाय का? तू म्हातारी व्हायची हायस का त्या बिजवराच्या चुलीपुढं? भर."

तिनं भरलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी आपा आणि मामा शाळेच्या फाटकाबाहेर एका बाकावर बसून होते. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि दोघंही जागचे हलत नव्हते. आतून शिपाई चहाची किटली घेऊन गेला तेव्हा आपा उभ्या राहिल्या, खिडकीकडे टक लावून बघितलं आणि पुन्हा बसल्या. मामानं विचारलं, "काय झालं?" आपा म्हणाल्या, "इस्त्री चाललीय." मामाला काही कळलं नाही.

सुलोचना पास झाली. नव्या वसाहतीतल्या केंद्रावर लागली. औश्याच्या बिजवराचं दुसरीकडे जमलं. पुढे सुलोचना बदलीनं नांदेडला गेली, तिथे मोठ्या प्रशिक्षण केंद्रात बाई झाली, आपल्या मनानं लग्न केलं, मामाला शेवटपर्यंत सांभाळलं. इकडे लातुरात कोचिंग क्लास वाढत वाढत बांगड्यांच्या दुकानापर्यंत आले. सबंध इमारत कोचिंगवाल्यांनी घेतली आणि आपांच्या मशीनी उतरल्या त्या पुन्हा वर चढल्या नाहीत. आपा घरी बसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुलोचनेचं नाव निघालं की म्हणायच्या, "तिचा हात," आणि विषय बदलायच्या. त्या नापास होण्याबद्दल दोघी कधी बोलल्याचं मला माहीत नव्हतं.

एकदा आम्ही घरचे जीप करून माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला निघालो. मी आपांना म्हणाले, "वाटेत नांदेड आहे, चला, सुलोचनेला भेटवते." त्या निघाल्या. घरच्यांना नांदेडात चहाला सोडून आम्ही दोघी केंद्रावर गेलो तर सुलोचनेचा तास चालू होता. आता मशीनी विजेवरच्या, एका कोपऱ्यात कॉम्प्युटरवर चालणारीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मुलींची परीक्षा होती. आम्हाला बघून सुलोचनेचा चेहरा फुलला, पण तास तिनं थांबवला नाही. डोळ्यांनीच मागच्या बाकावर बसायला सांगितलं. आम्ही बसलो.

सुलोचना मुलींना सांगत होती. भूकंपातून उठलेली ती मुकी मुलगी आता इतकी रंगून बोलत होती की मुली हसून लोटपोट. "आन् उद्या कोणी माझ्यासारखा येडेपणा करू नका. मी परीक्षेत कापड भिजवलं. खिडकीत वाळत घातलं. दीड फूल झालं आन् नापास झाले. एवढी येडी होते मी." दर वर्षी सांगत असणार, कारण शेवटच्या वाक्याला काही मुलींनी सोबतच तोंड हलवलं.

आपा उभ्या राहिल्या. बाकाला धरून, सावकाश. मुली वळून बघायला लागल्या.

"पोरींनो, तुमच्या बाई येड्या न्हवत्या," आपा म्हणाल्या. आवाज तोच, दांडगा. "त्यांना मी तसं शिकवलं होतं. परीक्षा तिची होती आन् हट्ट माझा होता. तिच्या जिंदगीचा सवाल होता, आन् मी फाटकात उभं राहून आधी कापडाचं विचारलं. ते मला इतकी वरसं टोचून राहिलं. येडी मी होते."

 सुलोचना फळ्यापाशी उभी होती, हातातला खडू तसाच. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत. मग ती बाईंच्या आवाजात म्हणाली, "आपा, तास चालू हाय. खाली बसा."

आणि नसीमआपा, ज्यांना मी भाऊ, भावजय, परीक्षक किंवा डॉक्टर यांच्यापैकी कोणाच्याही सांगण्यावरून खाली बसलेलं बघितलं नव्हतं, त्या लगेच बसल्या आणि हाताची घडी घालून फळ्याकडे बघू लागल्या.